भिंत आणि माती : तकलामकानच्या वाळवंटातील बौद्ध अवशेषांचा आढावा

उत्तरेस तिएनशान आणि दक्षिणेस कुनलुन या दोन पर्वतश्रेणींच्या मध्ये तारीम नदीचे जे विस्तीर्ण खोरे पसरले आहे, त्याचा बहुतेक भाग तकलामकानच्या वाळवंटाने व्यापलेला आहे. आणि या वाळवंटाच्या कडेकडेने, डोंगरांवरून उतरणाऱ्या नद्यांच्या पाण्यावर जगणारी खोतान, मीरान, कुचा, काराशहर, तुर्फान ही जी मरूद्याने आहेत, त्यांच्या आश्रयाने इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासून पुढे जवळजवळ हजार वर्षे बौद्ध धर्माचे एक समृद्ध जग नांदत होते. ते जग लोपले. त्याची देवळे, विहार आणि गुहा मात्र वाळूने व कोरड्या हवेने पुष्कळ अंशी राखून ठेवल्या. गेल्या सव्वाशे वर्षांत या स्थळांतून हस्तलिखिते बाहेर आली, रेशमी वस्त्रे आली, नाणी आणि लाकडी पाट्यांवरचे दस्तऐवज आले. परंतु त्या लोकांच्या उपासनेशी आपली सर्वांत निकट ओळख करून देणारी सामग्री माझ्या मते दोनच प्रकारची आहे: भिंतींवरील चित्रे, आणि त्याच भिंतींना व मूर्तींच्या प्रभावळींना चिकटवलेले मातीचे लहान लहान उठावाचे फलक.

या दोहोंपैकी चित्रांना विद्वानांनी आणि रसिकांनी डोक्यावर घेतले, तर मृत्फलक सूचिपत्रांच्या मागच्या पानांत राहिले. चित्रांविषयी जो वाद झाला तोही बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला: या कलेत ग्रीक किती, भारतीय किती, इराणी किती आणि चिनी किती? या प्रश्नाचा उपयोग झाला नाही असे नाही. पण उपासकांनी एकत्र उभी केलेली चित्रे आणि माती अभ्यासकांनी एकमेकांपासून तोडून पाहिल्यामुळे या कलेचे अंतरंगच आपल्या नजरेआड राहिले, असे माझे स्पष्ट मत आहे.

शोधाच्या इतिहासापासून आरंभ करणे सोयीचे होईल. १८९६ साली स्वीडिश प्रवासी स्वेन हेडिन खोतानच्या ईशान्येकडील वाळूत शिरला आणि तेथे त्याला एका उजाड वसतीच्या भिंती व त्यांवरील चित्रे दिसली. या जागेला स्थानिक लोक दंदान-उइलिक म्हणत. हेडिन भूगोलाचा अभ्यासक होता. तेथील पुरातत्त्वाचे काम पद्धतशीरपणे हाती घेतले ते ऑरेल स्टाइन यांनी. बुडापेस्टला जन्मलेले हे गृहस्थ व्हिएन्नात ज्या गेओर्ग ब्यूलर यांच्याजवळ संस्कृत शिकले, ते ब्यूलर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक म्हणून आणि पुढे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात अधिकारी म्हणून अनेक वर्षे राहिलेले होते, आणि पुढे स्टाइन लाहोरला आले. तेव्हा मध्य आशियाच्या या कथेचा एक धागा आमच्या मुंबईतूनही गेलेला आहे. हिंदुस्थान सरकारची मंजुरी आणि पैसा मिळवून स्टाइन १९०० च्या डिसेंबरात तुर्दी नावाच्या वृद्ध वाटाड्याबरोबर दंदान-उइलिकला पोहोचले. हा तुर्दी आयुष्यभर वाळूतील गुप्तधन शोधत हिंडलेला माणूस होता, आणि त्याच्या माहितीवाचून त्या मोहिमेचे पाऊल पुढे पडले नसते.

तेथील देवळे आकाराने अगदी लहान होती. मध्ये चौकोनी गाभारा, त्याच्या चारी बाजूंनी प्रदक्षिणेसाठी अरुंद बोळ. भिंती लाकडी सांगाड्यावर कुडाच्या, त्यांवर मातीचा गिलावा आणि गिलाव्यावर रंग. भिंतीच्या तळाशी भाविकांनी नवस फेडण्यासाठी ठेवलेल्या चित्रित लाकडी फळ्या जशाच्या तशा पडलेल्या होत्या. त्यांतील एका फळीने तर साऱ्या युरोपचे लक्ष वेधून घेतले. हिच्या मध्यभागी मोठा मुकुट घातलेली एक राजस्त्री बसली आहे, डावीकडची दासी तिच्या मुकुटाकडे बोट दाखवीत आहे, जवळच कोशांनी भरलेली टोपली आहे, पलीकडे मागाशी बसलेली एक स्त्री, आणि त्यांच्या मध्ये चार हातांची एक देवता. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगाने खोतानच्या वर्णनात सांगितलेली आख्यायिका स्टाइनना लगेच आठवली: चीनमधून रेशमाचे किडे बाहेर नेण्यास सक्त मनाई असताना खोतानच्या राजाशी लग्न ठरलेल्या राजकन्येने त्यांची अंडी आपल्या शिरोभूषणात दडवून आणली, कारण सीमेवरचे पहारेकरी सर्व तपासतील पण राजकन्येच्या मस्तकाला हात लावणार नाहीत. मूषकमुखी राजाची दुसरी एक फळीही तेथे मिळाली, आणि उंदरांनी शत्रूच्या सैन्याचे चामडी सामान कुरतडून खोतानचे रक्षण केल्याची कथाही त्याच प्रवाशाने नोंदवलेली आहे. लिखित वृत्तान्त आणि वाळूतून निघालेली वस्तू यांचा असा मेळ क्वचितच बसतो.

पण या फळ्यांच्या तेजाने बाकीचे झाकोळून गेले. त्याच देवळांच्या भिंतींवरून गळून पडलेल्या मातीच्या फलकांचे तुकडे वाळूत विखुरलेले होते: अभयमुद्रेतील चिमुकले बुद्ध, कमळातून वर येणाऱ्या हार धरलेल्या गंधर्वी, पाकळ्यांच्या माळा, ज्वालांच्या पट्ट्या. एकाच साच्यातून निघाल्यामुळे ही रूपे पुन्हा पुन्हा तीच, आणि म्हणूनच ती कारागिरी, कला नव्हे, असे मानण्याकडे त्या काळच्या अभ्यासकांचा कल होता. या फलकांची खरी जागा कोणती होती ते कळले खोतानजवळच्या रावक येथे. १९०१ च्या एप्रिलमध्ये, वाळूची वादळे सुरू झालेली असताना, स्टाइननी तेथील प्रचंड स्तूपाभोवतीच्या आवाराची भिंत उघडी केली, तेव्हा तिच्या आतून-बाहेरून माणसापेक्षा मोठ्या मातीच्या मूर्तींची रांगच लागली; नव्वदाहून अधिक मोठ्या मूर्ती त्यांनी मोजल्या. या मूर्तींच्या प्रभामंडळांत लहान लहान बुद्धमूर्ती ओळीने बसवलेल्या होत्या. एका महाबुद्धाच्या तेजातून अनेक बुद्ध बाहेर पडत आहेत हा आशय त्या रचनेत प्रत्यक्ष दिसत होता. आणखी एक गोष्ट स्टाइननी टिपून ठेवली आहे ती मला फार मोलाची वाटते. एका मूर्तीवर सोन्याच्या वर्खाचे बारीक चौकोनी तुकडे चिकटलेले होते. ह्युएनत्संग सांगतो की, याच मुलुखातील एका प्रसिद्ध मूर्तीपुढे रोगी माणूस आपल्या ज्या अवयवाला व्याधी असेल, मूर्तीच्या त्याच अवयवावर सोन्याचा वर्ख लावतो आणि बरा होतो. तेव्हा रावकची माती पाहण्यापुरती नव्हती. लोक तिला हात लावीत, तिच्याकडे आपले दुखणे घेऊन येत.

या मूर्ती हलवता येण्यासारख्या नव्हत्या. आतील लाकडी सांगाडा शतकांपूर्वीच कुजून गेला होता आणि केवळ भोवतीच्या वाळूच्या आधाराने माती उभी होती. वाळू काढली की मूर्ती पुढे झुकू लागे. स्टाइननी छायाचित्रे घेतली, मापे घेतली आणि सर्व काही पुन्हा वाळूत पुरून टाकले. त्यांनी केलेली ही गोष्ट त्यांच्या सर्व शोधांइतकीच प्रशंसनीय आहे. परंतु पाच वर्षांनी ते परत आले तेव्हा मूर्तींच्या पोटात धन असेल या आशेने लोकांनी त्या फोडून टाकल्या होत्या.

मातीचे हे काम कसे होई? लाकडाचा किंवा बोरूच्या जुडीचा सांगाडा, त्यावर गवताची दोरी गुंडाळलेली, मग भुसा घातलेल्या जाड मातीचा थर, त्यावर केस किंवा तंतू मिसळलेल्या मऊ मातीचा बारीक थर, आणि शेवटी पांढरा लेप व रंग. चेहरे, हात, दागिने, केसांच्या बटा हे सारे स्वतंत्र साच्यांतून काढून ओल्या मातीने जोडीत. उत्तरेकडच्या स्थळांवर जर्मन पथकांना असे साचेही मिळाले. एकच चेहरा कधी देव, कधी भिक्षू, कधी दाता होतो. फरक पडतो तो मुकुटाने, मिशांनी आणि रंगाने. पेणच्या कारखान्यात साच्यातून निघालेल्या गणपतीच्या डोळ्यांची आखणी शेवटी अनुभवी हाताकडेच जाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला साचा आणि कौशल्य यांत विरोध नसतो हे वेगळे सांगायला नको. भाजलेली नसल्यामुळे ही माती पाण्याच्या एका लोंढ्याने विरघळू शकते. काराशहरजवळच्या शोरचुक येथील देवळांचा समूह आगीत जळाला, आणि ज्या आगीने देवळे नष्ट केली तिनेच आतल्या कच्च्या मातीची मस्तके व उठावकामे भाजून पक्की केली. स्टाइननी १९०७ च्या अखेरीस तेथे केलेल्या उत्खननात मिळालेल्या मूर्ती आज इतक्या रेखीव दिसतात त्याचे कारण ती दुर्घटना आहे.

आता मीरानकडे वळू, कारण प्रभावांचा वाद येथूनच पेटला. लोपनोरच्या बाजूस असलेल्या या स्थळी १९०७ च्या जानेवारीत स्टाइनना दोन वर्तुळाकार देवळे सापडली, ज्यांच्या मध्ये स्तूप आणि भोवती घुमटाकार छताखालची चित्रित भिंत होती. भिंतीच्या खालच्या पट्टीत मोठ्या डोळ्यांची, पंख असलेली तरुण मस्तके होती. रोमन साम्राज्याच्या पूर्व प्रांतांत शोभावीत अशी ही मुखे चीनच्या वेशीवर एका बौद्ध स्तूपाभोवती पाहून स्टाइन थक्क झाले, आणि त्यांच्या लेखणीतून निघालेला तो विस्मय पुढच्या पिढ्यांच्या लेखनात पाझरत राहिला. दुसऱ्या देवळात विश्वंतर जातकाची लांबलचक पट्टी होती: दानशूर राजपुत्र पांढरा हत्ती देऊन टाकतो, मग रथ, मग मुले, मग पत्नी. हीच कथा अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात रंगवलेली आपण पाहतो. मीरानच्या या पांढऱ्या हत्तीच्या मांडीवर खरोष्ठी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक छोटा लेख आहे; त्याच्या वाचनानुसार हे काम तित नावाच्या चित्रकाराचे असून त्याबद्दल त्याला ३००० भम्मक मिळाले. तित म्हणजे रोमन टायटसच, असे स्टाइनना वाटले. ते असो वा नसो, मला त्या ओळीत दिसते ती मजुरीची नोंद. आपले नाव आणि आपला मोबदला या दोन गोष्टी पूज्य कथेच्या अंगावर लिहून ठेवण्यात त्या कारागिराला संकोच वाटला नाही, आणि देवळाच्या मालकांनीही ते खोडून काढले नाही.

मीरानच्या संदर्भात आणखी एका नावाचा उल्लेख करणे मी कर्तव्य समजतो. बंगाल सॅपर्स अँड मायनर्स या पलटणीतील नाईक रामसिंग हा शीख जवान स्टाइनबरोबर होता. भिंतीवरचा ठिसूळ गिलावा चित्रासकट मोकळा करून पेट्यांत भरण्याचे अत्यंत अवघड काम त्याच्या हाताला साधले होते. १९०८ मध्ये उरलेली चित्रे काढण्यासाठी त्याला पुन्हा मीरानला धाडण्यात आले, आणि तेथे त्याला काचबिंदूने गाठले; एका डोळ्याची दृष्टी गेल्यावरही तो काम सोडून निघाला नाही, आणि शेवटी दोन्ही डोळे गमावून परतला. सरकारने त्याला खास निवृत्तिवेतन दिले. स्टाइननी त्याच्याविषयी आदराने लिहिले आहे, पण संग्रहालयात या चित्रांपुढे उभे राहणाऱ्या किती जणांना त्याचे नाव ठाऊक असते?

प्रभावांच्या वादाविषयी थोडे लिहिले पाहिजे. गांधारातून ग्रीक-रोमन वळणे आली यात शंका नाही. खोतानच्या चित्रांत भारतीय देवता आहेत: तेथील बलवस्ते व दंदान-उइलिक येथे तीन मुखांचा महेश्वर नंदीसह आढळतो. इराणी वेशातला दाढीवाला, चार हातांचा देवही एका फळीवर विराजमान आहे. आणि पूर्वेकडे जावे तसतसे चिनी वस्त्रे व चिनी मेघ वाढत जातात. प्रवाह एकाच दिशेने वाहत होता असेही नाही. सातव्या शतकात खोतानचा एक चित्रकार, ज्याला चिनी ग्रंथ युची यीसेंग म्हणतात, थांग सम्राटांच्या राजधानीत जाऊन नावाजला गेला आणि तेथील चित्रकलेवर त्याने ठसा उमटवला. पण हा घटकांचा हिशेब कितीही काटेकोरपणे मांडला तरी खोतानच्या माणसाला या सर्वांची मिळून एक वस्तू का हवी होती, याचे उत्तर त्यातून निघत नाही. चिनी यात्रेकरू फाहियान ४०० च्या सुमारास खोतानात आला, मूर्तींची रथयात्रा पाहण्यासाठी तेथे तीन महिने थांबला, आणि राजाने मुकुट उतरवून अनवाणी पायांनी मूर्तीला सामोरे जाण्याचे वर्णन त्याने केले आहे. उत्तर शोधायचे ते अशा वृत्तान्तांच्या आणि देवळाच्या रचनेच्या आधाराने.

या दृष्टीने सर्वांत समृद्ध स्थळ म्हणजे कुचाजवळचे किझील. येथे २३६ गुहांची गणना झाली आहे. चिनी भाषेत बौद्ध ग्रंथ आणणारा थोर अनुवादक कुमारजीव याच कुचाचा. किझीलच्या रंगांत लाजवर्दाची निळाई प्रथम डोळ्यांत भरते. हा दगड बदख्शानच्या खाणींतून येई आणि मोठ्या दराने विकला जाई, तेव्हा ज्या गुहेत तो मुबलक वापरला आहे तिचे दाते सधन होते असे मानायला हरकत नाही. शेंदूर मात्र शिशाचा असल्यामुळे कित्येक ठिकाणी काळवंडला आहे, आणि आज काळ्या दिसणाऱ्या आकृती मूळच्या गोऱ्या किंवा तांबूस होत्या हे विसरून त्यांविषयी नाना तर्क केले गेले आहेत. कालनिर्णयाबाबत अजून एकमत नाही. बर्लिनच्या परंपरेत एर्न्स्ट वाल्डश्मिट यांनी शैलीच्या आधारे मुख्य चित्रे ५०० ते ६५० च्या दरम्यान ठेवली. चिनी विद्वान सु बाइ यांनी कार्बन-परीक्षणाचा आधार घेऊन आरंभ चौथ्या शतकापर्यंत मागे नेला. शैली आणि कार्बन या दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत, आणि मला वाटते की नुसत्या शैलीवर तारखा ठरवण्याचे दिवस आता संपले आहेत.

किझीलच्या अनेक गुहांच्या कमानदार छतावर डोंगराच्या शिखरांसारखे समभुज चौकोन एकमेकांत गुंतवलेले आहेत आणि प्रत्येक चौकोनात एकेक जातककथा एकाच प्रसंगात आटवलेली आहे. एक उदाहरण जवळून पाहू. एका चौकोनात एक पुरुष दोन्ही हात वर करून उभा आहे. त्याच्या हातांतून ज्वाळा निघत आहेत. खाली व्यापारी आणि त्यांचे लादलेले जनावर वर पाहत आहेत. हा सार्थवाह आहे. अंधारात वाट चुकलेल्या पाचशे व्यापाऱ्यांना मार्ग दिसावा म्हणून त्याने हातांना तेलात भिजवलेले कापड गुंडाळून ते पेटवले. भारतात रचली गेलेली ही कथा वाळवंटाच्या वाटेवर, तांड्यांच्या दानावर चालणाऱ्या विहारात पुन्हा पुन्हा का रंगवली गेली, हे त्या वाटेने आलेल्या व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागले नसेल.

या गुहांची मांडणी ठरलेली आहे: समोर मोठा खांब, त्याच्या पुढील अंगात मूर्तीचा कोनाडा, दोन्ही बाजूंनी मागे जाणारे बोगदे, आणि मागे परिनिर्वाणाचे दृश्य. भक्त प्रदक्षिणा करीत मागे जाई तेव्हा त्याला बुद्धाचा अंत दिसे. किझीलच्याच मायागुहेत या ठिकाणी एक अद्भुत चित्र होते. अजातशत्रू राजाला बुद्धाच्या निर्वाणाची वार्ता सांगितली तर तो धक्क्याने मरेल या भीतीने वर्षकार मंत्री त्याला कुंडात बसवतो आणि एक चित्रपट उलगडून दाखवतो, ज्यावर जन्म, मारविजय, धर्मचक्रप्रवर्तन आणि निर्वाण हे चार प्रसंग काढलेले आहेत; राजा पाहून समजतो आणि हात वर करून आक्रोश करतो. जे शब्दांनी सांगता येत नाही ते चित्राने सांगावे, हा विचार त्या समाजात किती रुजला होता, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आणि आता मातीची गोष्ट. याच कोनाड्याभोवतीच्या भिंतीवर पुष्कळ गुहांतून लहान लहान भोकांचे जाळे दिसते. ही भोके लाकडी खुंट्यांची आहेत, आणि त्या खुंट्यांवर मातीचा एक उठावाचा पर्वत बसवलेला होता. इंद्र ज्या शैलगुहेत बुद्धाला भेटायला आला, तो हा पर्वत. मध्ये मातीची मूर्ती, भोवती मातीचा डोंगर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस रंगवलेले इंद्र व वीणावादक पंचशिख. माती गळून पडली, चित्र उरले, आणि ते कापून नेले गेले. संग्रहालयात पंचशिख पाहणाऱ्याला तो ज्या मूर्तीसमोर वाजवीत होता ती कधी दिसत नाही. भिंत आणि माती वेगळी पाहिल्याने काय हरवते याचा तपशील हवा असेल तर तो या भोकांत आहे.

यावरून माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. अभ्यासकांनी या वाळवंटात अद्वितीय कृती शोधली, सहीचे चित्र शोधले. पण या देवळांचे तत्त्व पुनरावृत्तीचे आहे. खोतानच्या भिंतींवर, तुर्फानच्या गुहांत, तुनह्वांगच्या मोगाओ लेण्यांत सहस्र बुद्धांच्या रांगा आहेत, फक्त वस्त्रांचे रंग ठराविक क्रमाने पालटत जातात. तुनह्वांगच्या बंद कोठडीतून सुईने टोचलेले कागदी खाके मिळाले आहेत; भोकांवरून रंगाची पुरचुंडी आपटली की भिंतीवर बुद्धाची ठिपक्यांची आकृती उमटे. म्हणजे भिंतीवर खाका आणि मातीत साचा, ही एकाच वृत्तीची दोन साधने. बुद्धाची मूर्ती निर्माण करणे हे पुण्य असेल तर ती हजार वेळा निर्माण करणे हे हजारपट पुण्य, अशी ती श्रद्धा होती. ती परकी नव्हती. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्याच्या अंतराळात रंगवलेले आणि सातव्या लेण्यात कोरलेले बुद्धांचे थवे पाहा. कान्हेरीलाही ‘ये धर्मा’ या शब्दांनी आरंभ होणाऱ्या गाथेचे ठसे उमटवलेल्या कच्च्या मातीच्या मुद्रा सापडल्या आहेत. तशाच मुद्रा बोधगयेस आणि नालंदेस मिळतात, आणि गोबी वाळवंटातील खारा-खोतोच्या अवशेषांतही मातीचे लहान नवसाचे स्तूप व फलक निघाले. मुंबईजवळचा डोंगर आणि मंगोलियाची सीमा यांना जोडणारी ही मूठभर माती आहे, आणि ती कुठल्याही राजाच्या आज्ञेने नव्हे तर सामान्य उपासकाच्या हाताने तयार झालेली आहे.

चित्रे भिंतींवरून काढण्याच्या प्रश्नावर मत न देता हा आढावा पुरा होणार नाही. बर्लिनच्या मोहिमांत यावर दोन पक्ष होते. आल्बेर्ट ग्रुन्वेडेल यांचा आग्रह होता की प्रत्येक गुहेचे मोजमाप, नकाशा आणि रेखांकन व्हावे व चित्रे शक्यतो जागीच राहावीत. आल्बेर्ट फॉन ल कोक आणि त्यांचे साहाय्यक बार्टुस यांनी सुरी, कुदळ आणि करवत चालवून चित्रे चौकोनांत कापली व पेट्यांतून रवाना केली. ल कोक यांची बाजूही ऐकली पाहिजे: शेतकरी चित्रित गिलावा खत म्हणून शेतात टाकीत, मूर्तिभंजकांनी चेहरे खरवडले होते, भूकंप होत होते. पण तुर्फानजवळच्या बेझेक्लिकहून आणलेली प्रणिधीची भव्य चित्रे, ज्यांत राजे आणि व्यापारी महाकाय बुद्धांपुढे गुडघे टेकून भावी बुद्धत्वाचा संकल्प करतात, बर्लिनच्या संग्रहालयात भिंतींत पक्की बसवली गेली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या बाँबवर्षावात नष्ट झाली. त्यांच्या रक्षणासाठीच ती आणली होती. आमच्याकडेही हे घडले आहे: १८२८ मध्ये डॉ. जेम्स बर्ड यांनी अजिंठ्याच्या भिंतीवरून काही आकृती सोलून काढू पाहिल्या आणि त्यांची भुकटी झाली, पुढे जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून करवलेल्या नकला लंडनला गेल्या आणि त्यांतील कितीतरी १८८५ च्या आगीत जळाल्या. ग्रुन्वेडेलचा पक्ष बरोबर होता असे मी निःसंकोच म्हणतो, कारण बर्लिनच्या तुकड्यांना गुहेत पुन्हा जागा देता येते ती ग्रुन्वेडेल यांच्या नकाशांच्या आधारे.

तथापि जे आणले गेले त्याची जबाबदारी आता ज्यांच्याकडे ते आहे त्यांची आहे, आणि त्यांत आपण आहोत. स्टाइन यांच्या दुसऱ्या मोहिमेचा खर्च हिंदुस्थान सरकार व ब्रिटिश म्युझियम यांनी तीन-पंचमांश व दोन-पंचमांश असा उचलला आणि तिसऱ्या मोहिमेचा भार सरकारनेच घेतला. त्यानुसार वाटणी होऊन मीरान, बलवस्ते आणि बेझेक्लिक येथील भित्तिचित्रांचा मोठा संग्रह दिल्लीस आला. लाहोरच्या मेयो कलाविद्यालयात पूर्वी शिकवणारे फ्रेड अँड्रूज यांनी हे तुकडे जोडून, मागचा गिलावा पातळ करून, नव्या आधारांवर बसवण्याचे काम वर्षानुवर्षे केले. त्यांचे सूचिपत्र १९३३ साली दिल्लीतच प्रसिद्ध झाले. आज हा संग्रह राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बलवस्तेचा तो वैरोचन, ज्याच्या छातीवर, दंडांवर आणि मांड्यांवर सूर्य, चंद्र, वज्र, ग्रंथ अशी विश्वाची चिन्हे काढलेली आहेत, तो पाहायला लंडनला जावे लागत नाही. या संग्रहातील मातीच्या फलकांचे आणि चित्रांचे स्थळवार एकत्र प्रदर्शन मांडले जावे, एका देवळातील सर्व काही एका दालनात यावे, एवढी मागणी करण्याचा अधिकार प्रत्येक भारतीय वाचकाला आहे.

वाळवंटातून नवी सामग्री अजून येत आहे. दंदान-उइलिकला २००२ साली चिनी आणि जपानी संशोधकांच्या संयुक्त पथकाला एका ढासळलेल्या देवळाची चित्रित भिंत मिळाली. हरवलेल्यातलेही काही परत दिसू लागले: युद्धात गेली असे समजलेली किझीलची काही चित्रे सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये असल्याचे उघड झाले. किझीलच्या गुहांत, बर्लिनमध्ये आणि इतरत्र असलेले तुकडे संगणकावर जुळवून एकेका गुहेचा पूर्ण आराखडा तयार करण्याचे काम चीन व जर्मनीतील अभ्यासक करीत आहेत, आणि त्या आराखड्यांत भिंतीवरची भोकेही मोजली जातात. खोतानच्या पूर्वेस दोमोको गावच्या परिसरात २००० साली एका मेंढपाळाच्या दृष्टीस पडलेले एक देऊळ जेमतेम दोन मीटर लांब-रुंद आहे. एका वेळी तीन-चार माणसे आत मावतील एवढी ती जागा. भिंतींवर चित्रे, समोर मातीचा बुद्ध, दोन्ही आपापल्या स्थानी. तेथील लोकांनी ते उचलून कोठे नेले नाही. त्याच्यावर छप्पर घालून तेथेच संग्रहालय उभारले आहे.